बाळंतपणानंतर वजन अडकलंय? आधी काय करायचं, मग काय

माझ्या फाइलमध्ये पहिल्या तपासणीचं वजन ५६ किलो लिहिलंय आणि शेवटच्या तपासणीचं ७१. सिझेरियन होऊन घरी आले तेव्हा काटा ६५ वर होता, सव्वा महिन्याने ६३ वर आला आणि तिथेच थांबला. मुलगी सात महिन्यांची झाली तेव्हा मी ६४ किलोची होते. उतरायचं सोडून एक किलो चढलं होतं. त्या काळात मी रात्रीचं जेवण सोडलं होतं, सकाळी लिंबूपाणी पीत होते आणि पाठीवर पडून डोकं उचलायचे पोटाचे व्यायाम रोज पन्नास वेळा करत होते.

मेहनत कमी नव्हती, क्रम चुकला होता. जे सहाव्या महिन्यात करायचं ते मी दुसऱ्यात केलं आणि जी रक्ततपासणी आधी करायची ती सगळ्यात शेवटी. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिते आहे, कारण माझ्या मते निम्म्याहून जास्त बायकांचं वजन आळसाने अडत नाही, क्रम चुकल्याने अडतं.

आधी हिशेब समजून घ्या

गरोदरपणात वाढलेलं सगळं वजन म्हणजे चरबी नव्हे. बाळ साधारण ३ किलोचं, वार अर्धा-पाऊण किलो, गर्भजल किलोभराच्या आसपास, वाढलेलं गर्भाशय किलोभर, वाढलेलं रक्त दीड किलोच्या घरात, शिवाय अंगात साठलेलं पाणी आणि भरलेली छाती. राहिलेली तीन-चार किलो चरबी शरीर मुद्दाम साठवतं, पुढे दूध तयार करायला. गरोदरपणाआधी वजन प्रमाणात असेल तर एकूण ११.५ ते १६ किलो वाढणं योग्यच मानतात.

बाळ, वार, गर्भजल आणि जाणारं रक्त मिळून प्रसूतीच्या दिवशीच पाच-सहा किलो जातात. पुढच्या आठवड्यांत रात्री घामाने उशी भिजते, लघवीला सारखं उठावं लागतं, ते साठलेलं पाणी बाहेर पडत असतं. किलोभराचं गर्भाशय सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येतं. इथपर्यंत सगळं आपोआप होतं. सव्वा महिन्यानंतर काट्यावर जे जास्तीचं दिसतं ती मात्र बहुतेक चरबी असते आणि ती आपोआप जाईलच असं नाही. ‘अंगावर पाजतेस ना, मग उतरेल’ हे सगळ्यांच्या बाबतीत खरं ठरत नाही. दूध तयार करायला शरीर रोज पाचशेच्या आसपास कॅलरी वापरतं हे खरं, पण भूकही त्याच हिशेबात वाढते. काही जणींचं वजन पाजण्याने भराभर उतरतं, काहींचं पाजणं सुटेपर्यंत हलत नाही.

सव्वा महिना: वजनाचा विषय बंद

या दिवसांत वजन कमी करण्यासाठी काहीही करायचं नाही. रक्त गेलेलं असतं, टाके भरत असतात, दूध बसत असतं. आईने, सासूबाईंनी दिलेलं मऊ भात-तूप-मेतकूट, बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, लसणीची चटणी, पायाचं सूप पोटभर खा. जेवणानंतर ओवा-बाळंतशेपाही चघळा.

पण पडून राहणं आणि विश्रांती यांत फरक आहे. नॉर्मल असो वा सिझेरियन, डॉक्टरांनी उठायला सांगितल्या दिवसापासून घरातल्या घरात दिवसातून चार-पाच वेळा दहा मिनिटं चाला. प्रसूतीनंतरच्या आठवड्यांत पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो, चालण्याने तो कमी होतो. एकाच पोटरीला सूज, दुखणं किंवा गरमपणा, अचानक धाप, छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणारी डोकेदुखी यांपैकी काहीही झालं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा.

या काळात दोनच व्यायाम. पहिला श्वासाचा: गुडघे दुमडून पाठीवर झोपायचं, नाकाने श्वास घेताना पोट फुगू द्यायचं, तोंडाने सोडताना बेंबी हळूच पाठीच्या कण्याकडे ओढायची. आठ-दहा वेळा पुरे. दुसरा ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा: लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखून धरावेत तसं खालून आत आणि वर ओढायचं, पाच सेकंद धरायचं, पाच सेकंद पूर्ण सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. पुढच्या आठवड्यांत धरायचा वेळ दहा सेकंदांपर्यंत न्या. श्वास कोंडायचा नाही आणि लघवी करताना हा सराव करायचा नाही. मी प्रत्येक वेळी पाजायला बसले की हा व्यायाम करायचे, त्यामुळे वेगळा वेळ काढावा लागला नाही.

पोट बांधण्याबद्दल सगळ्याच विचारतात. सुती साडी किंवा पट्टा बांधला की कंबरेला आधार मिळतो, सिझेरियनच्या टाक्यांवर ताण कमी येतो, खोकताना बरं वाटतं. तेवढ्यासाठी जरूर बांधा. त्याने चरबी जात नाही आणि फार आवळलं तर खालच्या स्नायूंवर दाब वाढतो. शेकशेगडी आणि धुरी करत असाल तर खोली बंद करून बाळाला धुरात ठेवू नका, त्याच्या फुप्फुसांना तो धूर सोसत नाही.

डाएटच्या आधी रक्त तपासा

मी हे सात महिन्यांनी केलं. केस मूठमूठ गळत होते, पोट साफ होत नव्हतं, उन्हाळ्यातही पंखा नको वाटायचा, जिना चढताना पाय ओढावे लागायचे. सगळे म्हणायचे, लेकरू लहान आहे, असं होणारच. मलाही तेच वाटलं. टीएसएचचा (थायरॉइड नीट चालतं का हे सांगणारी रक्ततपासणी) आकडा १४ च्या वर निघाला, म्हणजे थायरॉइड मंदावलं होतं.

प्रसूतीनंतर साधारण शंभरातल्या पाच बायकांना थायरॉइडची सूज येते. पहिल्या एक ते चार महिन्यांत कधी कधी धडधड, चिडचिड होते, वजन झपाट्याने उतरतं आणि सगळं छान चाललंय असं वाटतं. मग चौथ्या ते आठव्या महिन्यात उलटं होतं: थकवा, बद्धकोष्ठता, उदासी, थंडी वाजणं आणि हटून बसलेलं वजन. यातलं प्रत्येक लक्षण बाळंतिणीच्या साध्या थकव्यासारखंच दिसतं, म्हणून ते निसटतं. बऱ्याच जणींचं वर्ष-दीड वर्षात आपोआप सुधारतं, काहींना गोळी कायम लागते. पाजत असताना ही गोळी घेता येते. ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांपासून चार तास लांब ठेवायची. दोन्ही एकत्र घेतल्या तर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. थायरॉइडने माझे सगळे आठ किलो धरून ठेवले नव्हते. गोळी सुरू झाल्यावर दोन-अडीच किलो हलले आणि मुख्य म्हणजे चालायला अंगात त्राण आलं. बाकीचं काम जेवणाने आणि व्यायामानेच झालं. पण त्राणच नसतं तर ते झालं नसतं.

टीएसएचबरोबर हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि बी-१२ जीवनसत्त्व बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं होतं, बाळंतिणीत ते आढळणं अजिबात नवल नाही. रक्त कमी असेल तर वीस मिनिटं चालून दम लागतो, मग व्यायाम सुटतो आणि त्याला आपण आळस म्हणतो. प्रसूतीनंतर १८० दिवस लोह-फॉलिक अ‍ॅसिडच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या घ्यायच्या असतात. सरकारी आरोग्य केंद्रात त्या मोफत मिळतात. बऱ्याच जणी बारशानंतर बंद करतात, तसं करू नका.

गरोदरपणात साखर वाढली होती का? मग सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायलाच हवी, पुढेही एक ते तीन वर्षांनी. बाळ झालं, साखर गेली, असं गृहीत धरू नका. ज्यांना ती होती त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका बराच जास्त असतो आणि त्यांच्यासाठी वजन हा दिसण्याचा प्रश्न नाही.

पाळणा लांबवण्यासाठी दर तीन महिन्यांचं इंजेक्शन घेत असाल (सरकारी कार्यक्रमात ते ‘अंतरा’ नावाने मिळतं), तर त्याने काही जणींचं वजन वाढतं. मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना विचारा. तांबीत हॉर्मोन नसतात, तो एक पर्याय असू शकतो.

आता जेवण, आणि इथेच खरी गाठ आहे

बाळंतिणीचा आहार आपल्याकडे फार विचाराने बसवलेला आहे. अळिवात लोह, मेथी-सुंठ पचनाला, डिंक-खारीक-खोबरं ताकदीला, तूप सगळ्यावर. माझी तक्रार त्या आहाराबद्दल नाहीच. तो कधी थांबवायचा हे कुणी सांगत नाही, ही तक्रार आहे. सव्वा महिन्यासाठीचं खाणं दहा महिने चालू राहतं.

आकड्यांत बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे १६६० कॅलरी लागतात. पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने त्यावर ६०० आणि पुढचे सहा महिने ५२० जास्त. म्हणजे फक्त अंगावर पाजत असाल तर साधारण २२६० कॅलरी. आता वरचे ६०० कसे भरतात ते पाहा. लिंबाएवढा, चाळीस ग्रॅमचा डिंकाचा लाडू १८० ते २०० कॅलरींचा असतो. सकाळी एक, संध्याकाळी एक, म्हणजे ४०० झाल्या. वाटीभर अळिवाची खीर, दूध-गूळ-खोबऱ्यासकट, २५० च्या आसपास. दोन खाद्यपदार्थांतच ६०० पार. वर भातावर धार धरून तूप, रात्री दुधात शतावरी कल्प (त्यात साखर बरीच असते), आणि रोजचं जेवण आहेच. मी तीन दिवस सगळं वहीत लिहिलं तेव्हा २७०० च्या आसपास आकडा आला, आणि तोही रात्रीचं जेवण सोडून. रात्री न जेवल्यामुळे अकराला पाजताना भूक लागायची आणि हात लाडवाच्या डब्यात जायचा.

म्हणून पहिलं काम तुम्हीही हेच करा: काही न बदलता तीन दिवस लिहा. चहाबरोबरची खारी, टोस्ट, उभ्याने खाल्लेला पोह्यांच्या पातेल्यातला शेवटचा घास, सगळं. सहा महिन्यांनंतर बाळाची उरलेली खिमट, नाचणीची पेज, तुपातला शिरा आईच्या पोटात जातो, कारण अन्न टाकवत नाही. तेही लिहा.

दुसरी गोष्ट मला कुणी सांगितली नाही, ती स्वतःच्या वहीतून कळली. सहाव्या महिन्यानंतर बाळ वरचं खायला लागतं तसं दूध हळूहळू कमी होतं, पण आईचं ताट तेवढंच राहतं. वजन पुन्हा चढायला लागतं ते बहुधा इथे. बाळाचा एक घास वाढला की आपल्या ताटातून लाडू-खिरीपैकी एक गोष्ट काढायची, हा हिशेब ठेवा.

कमी किती करायचं? पूर्ण अंगावर पाजत असाल तर दिवसाला तीनशे-चारशे कॅलरींपेक्षा जास्त कपात करू नका आणि १८०० च्या खाली जाऊ नका. आठवड्याला अर्धा किलोपर्यंत उतरलं तर दुधावर परिणाम होत नाही. ‘लाडू बंद केलास तर दूध आटेल’ असं सासूबाई मला म्हणाल्या होत्या, काळजीनेच. पण दूध येतं ते बाळ ओढतं म्हणून, छाती रिकामी होते म्हणून. बाळ नीट पकडून, वरचेवर ओढत असेल तर एका लाडवाने दूध कमी होत नाही. उपाशी राहिल्याने, पाणी कमी प्यायल्याने मात्र आईचा जीव कासावीस होतो. पाजायला बसताना शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा आणि तहानेप्रमाणे प्या.

माझ्या घरात वाद न होता जे बदल झाले ते असे. लाडू दोनाचा एक केला, आणि तो चहाबरोबर वरचा म्हणून नाही, तर सकाळी दहाचं खाणं म्हणून, दुधाच्या पेल्याबरोबर. अळीव रोजच्या खिरीऐवजी एक चमचा भिजवून लिंबू पिळून सॅलडवर. तूप धारेने नाही, चहाच्या चमच्याने: एक चमचा म्हणजे पाच ग्रॅम, ४५ कॅलरी, दिवसाला तीन चमचे. कल्प बंद, साधं दूध चालू. सासूबाईंना ‘बंद’ हा शब्द लागतो, ‘एक’ हा चालतो, हे मला लवकर समजलं असतं तर बरं झालं असतं.

कपातीपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे प्रथिनं. त्याच शिफारशीनुसार पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सुमारे ६३ ग्रॅम लागतात. आपल्या भात-वरण-पोळी-भाजीच्या जेवणात ती चाळिसाच्या आसपास अडकतात, मग पोट भरतं पण दोन तासांत पुन्हा भूक. साधारण असा दिवस बसवा. सकाळी दोन अंडी किंवा भिजवलेल्या मुगाची दोन धिरडी, १२ ग्रॅम. दहाला पेलाभर दूध, ६. दुपारी दोन ज्वारीच्या भाकऱ्या, ८-९. मोड आलेल्या मटकीची मोठी वाटी उसळ, ९. वाटीभर दही, ५. पाचला मूठभर फुटाणे, ६. रात्री घट्ट वरणाची वाटी, ७, दोन पोळ्या, ६, आणि भरपूर दोडका, दुधी किंवा पालेभाजी. साठाच्या आसपास पोहोचलात. मासे-चिकन खात असाल तर आणखी सोपं: बांगडा किंवा चिकनच्या दोन तुकड्यांनी एका जेवणाची सोय होते, फक्त तळण्याऐवजी कालवण करा.

मटकी-हरभऱ्याने बाळाला गॅस होतो म्हणून कडधान्यं वर्षभर बंद ठेवणारी घरं मी पाहिली आहेत. आईच्या पोटातला गॅस दुधात उतरत नाही. पहिल्या दिवसांत तुमच्याच पोटाला जड वाटत असेल तर मुगाने सुरू करा, मग मटकी, मग हरभरा.

रात्रीच्या पाजण्याची भूक खरी असते, तिच्याशी भांडू नका. उशाशी भाजलेले चणे, एक फळ किंवा साय काढलेल्या दुधाचा पेला ठेवा. लाडवाचा डबा दुसऱ्या खोलीत.

उपवास

श्रावण, नवरात्र, एकादशी, संकष्टी. वजनही उतरेल आणि पुण्यही लागेल म्हणून पाजत्या आया उपवास धरतात. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, प्रथिनं नगण्य. खिचडी, वडे, बटाट्याचे वेफर्स यांनी रोजच्या जेवणापेक्षा जास्त कॅलरी पोटात जातात. करायचाच असेल तर वरी-दाण्याची आमटी, राजगिरा, दूध, दही, फळं एवढ्यावर करा. निर्जळी मात्र पाजत असताना नको. बाळंतिणीला उपवासातून सूट देण्याची रीत आपल्याच घरांत आहे, ती वापरा.

झोप

झोप कमी झाली की भूक वाढवणारं हॉर्मोन वाढतं, पोट भरल्याची जाणीव देणारं कमी होतं, आणि हात गोडाकडेच जातो. पाच तासांहून कमी झोपणाऱ्या आयांच्या अंगावर वजन जास्त काळ टिकून राहतं असं दिसून आलं आहे. ‘बाळ झोपलं की तू झोप’ हा सल्ला ऐकून मला राग यायचा, कारण तेव्हाच कपडे, भांडी, अंघोळ असते. उपयोगी पडलं ते वेगळंच: रात्रीचा एक सलग चार तासांचा तुकडा. आम्ही असं ठरवलं की नऊला पाजून मी दुसऱ्या खोलीत झोपायचं, मधलं एक दूध नवऱ्याने वाटी-चमच्याने पाजायचं. काढलेलं दूध थंड खोलीत चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. आपल्या उन्हाळ्यात बाहेर ठेवूच नका, सरळ फ्रिजमध्ये ठेवा. दोन आठवड्यांत संध्याकाळची बिस्किटं माझी मीच विसरले.

पोट आणि व्यायाम

सहा आठवड्यांची तपासणी झाली, डॉक्टरांनी हो म्हटलं, की सुरुवात. सिझेरियन असेल तर आठ आठवडे धरा. पण पोटाच्या व्यायामाच्या आधी एक चाचणी करा. पाठीवर झोपून गुडघे दुमडा, बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवा आणि डोकं किंचित उचला. मधोमध खोबण लागून तिच्यात दोनपेक्षा जास्त बोटं मावत असतील किंवा पोटाची मधली रेघ घुमटासारखी वर येत असेल, तर पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब गेलेले आहेत. गरोदरपणात ते लांब जातातच, बऱ्याच जणींचे दोन-तीन महिन्यांत जवळ येतात. माझे तीन बोटं लांब होते आणि मी रोज पन्नास वेळा उठून त्यांना आणखी ताण देत होते. वजन उतरलं तरी पोट पुढे दिसत राहतं ते अनेकदा यामुळे. फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवून घ्या, तो पैसा वाया जात नाही.

खोबण असेल तोवर डोकं-खांदे उचलायचे व्यायाम, दोन्ही पाय एकदम उचलणं, नौकासन आणि हातांवर सगळा भार घेऊन आडवं राहणं टाळा. श्वास सोडत बेंबी आत ओढण्याचा तोच पहिला व्यायाम चालू ठेवा, त्यात टाच जमिनीवरून सरकवत एकेक पाय लांब करणं जोडा. मग सेतुबंधासन, म्हणजे गुडघे दुमडून पाठीवर झोपून कंबर वर उचलणं. मग हात-गुडघ्यांवर येऊन एक हात आणि विरुद्ध पाय लांब करून पाच सेकंद धरणं. झोपेतून उठताना कुशीवर वळून हाताने रेटून उठा.

चालणं सहाव्या आठवड्यानंतर दिवसाला पंधरा मिनिटांपासून, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत, आठवड्याला दीडशे मिनिटांपर्यंत. सलग वेळ मिळत नाही तर दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात. बाळाला झोळीत घेऊन सोसायटीत फेऱ्या मारा, गच्चीवर मारा. पण नुसत्या चालण्याची अपेक्षा फार ठेवू नका. साठ-पासष्ट किलोच्या बाईचं अर्धा तास चालणं म्हणजे शंभर-सव्वाशे कॅलरी, अर्धा लाडू. म्हणून तिसऱ्या महिन्यापासून आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचे व्यायाम हवेतच: खुर्चीवर बसून-उठणं, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या एक लिटरच्या बाटल्या घेऊन हात वर नेणं आणि मागे ओढणं. दहा-बाराच्या दोन आवर्तनांना वीस मिनिटं पुरतात. आधी पाजून घ्या, छाती हलकी असली की त्रास होत नाही, आणि घट्ट आधार देणारी ब्रा घाला.

धावणं, दोरीवरच्या उड्या, झुंबा तीन महिन्यांच्या आत नको. नंतरही शिंकताना लघवी निसटत असेल किंवा खाली जडपणा, काहीतरी उतरल्यासारखं वाटत असेल, तर उड्या थांबवा आणि दाखवून घ्या. ‘मूल झाल्यावर असं होतंच’ म्हणत वर्षानुवर्षं पॅड लावून फिरणाऱ्या बायका आपल्या घरांत आहेत. यावर इलाज आहे. सूर्यनमस्कार खोबण भरल्यावर, चारांपासून सुरू करा.

काटा कसा वाचायचा

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी पोट साफ झाल्यावर. बरोबर बेंबीच्या पातळीला टेपने कंबर मोजा. महिन्याला एक ते दोन किलो ही चांगली गती आहे. काटा हलला नाही पण टेप दोन सेंटिमीटर आत आली तर काम चालू आहे. पाळी परत सुरू झाल्यावर त्या आधीच्या आठवड्यात किलो-दीड किलो पाणी साठतं, त्याला घाबरून जेवण सोडू नका. भारतीय बायकांसाठी कंबर ८० सेंटिमीटरच्या आत आणि बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या खाली हे ध्येय धरा, लग्नातल्या ब्लाउजचं माप नव्हे.

चार आठवडे ना काटा ना टेप हलली तर वही पुन्हा तीन दिवस लिहा. प्रथिनं साठाला पोहोचतात का, झोपेचा चार तासांचा तुकडा मिळतो का ते पाहा. तेही ठीक असेल तर टीएसएच पुन्हा. आधी नॉर्मल आली असेल तरीही, कारण दुसऱ्या महिन्यातली नॉर्मल तपासणी सहाव्या महिन्याची खात्री देत नाही.

पाजत असताना चरबी जाळण्याच्या गोळ्या, सोनामुखी घातलेले ‘स्लिमिंग’ चहा, भात-पोळी पूर्ण बंद करणारे डाएट, आणि आता ज्यांची फार चर्चा आहे ती सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइडची वजनाची इंजेक्शनं घेऊ नका. पाजणं सुटल्यावरही ती डॉक्टरांशिवाय नाहीत.

कामावर परतताना

कायद्याने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय करणं व दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊ देणं मालकावर बंधनकारक आहे. मागून घ्या. डब्यात उसळ आणि ताक, पर्समध्ये फुटाणे. एसटी स्थानकांत आणि बऱ्याच कार्यालयांत हिरकणी कक्ष असतो, तिथे बसून दूध काढता येतं. दूध चालू राहिलं की ऑफिसमधली भूकही धरूनच चला.

लोक आणि मन

एका लग्नात एका बाईंनी माझ्या पोटाकडे बघून ‘दुसरं का गं?’ विचारलं. मुलगी पाच महिन्यांची होती. त्या रात्रीपासून मी जेवण सोडलं, आणि पुढचे दोन महिने वाया गेले ते तिथून. असं बोलणाऱ्याला उत्तर नाही दिलं तरी चालेल, पण त्या वाक्यावर आपलं जेवण ठरवू नका.

दोन आठवड्यांहून जास्त रडू येत राहणं, बाळाजवळ जावंसं न वाटणं, भूक पूर्ण मरणं किंवा सारखं खात सुटणं, आपण नसतो तर बरं असे विचार येणं, हे वजनाच्या लेखात बसत नाही असं वाटेल. बसतं. प्रसूतीनंतरच्या नैराश्यात कोणतंही डाएट टिकत नाही, आणि टिकवायची ती वेळही नव्हे. डॉक्टरांना सांगा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

माझी मुलगी आता सोळा महिन्यांची आहे आणि मी ५८.५ किलो. दुसऱ्याचा विचार असेल तर दोन वर्षांचं अंतर ठेवा, म्हणजे रक्त, हाडं आणि स्नायू भरून यायला वेळ मिळतो आणि पहिल्या खेपेचं वजन दुसऱ्याच्या खात्यात जात नाही. दिवस राहायच्या आधी टीएसएच, हिमोग्लोबिन आणि साखर पाहून घ्या. यंदाच्या हिवाळ्यात आईने डिंकाचे लाडू पाठवले तेव्हा मी तिला फोन करून आकार निम्मा करायला सांगितला. तिने सुपारीएवढे वळले, आणि रोज सकाळी दहाला दुधाबरोबर एक खाते.